उजेड सहन होत नाही, डोळे तर ठीक आहेत. मग मेंदूत काही आहे का?

प्रश्न: माझ्या पत्नीचं वय ३४. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, ती शाळेत शिकवते. सात-आठ महिन्यांपासून तिला उजेड सहन होत नाही. ट्यूबलाइट, मोबाइल, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे, सगळंच टोचतं. महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं जोरात दुखतं, उलटी होते, तेव्हा ती पडदे लावून अंधारात पडून राहते. आता घरातही काळा गॉगल लावते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक असल्याचं सांगितलं. माझी आई म्हणते, पित्त आहे. नेटवर शोधलं तर मेंदूज्वरापासून ब्रेन ट्यूमरपर्यंत सगळं समोर येतं. एमआरआय करून घ्यावा का?

उत्तर: माझा अंदाज आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही धास्तीतच वाचाल. तुम्ही लिहिलेलं चित्र मायग्रेनचं, म्हणजे अर्धशिशीचं आहे. ट्यूमरचं वाटत नाही. अर्थात मी हे तुमच्या शब्दांवरून म्हणते आहे. त्यांना समोर बसवून तपासल्याखेरीज कुठल्याही डॉक्टरने यावर शिक्कामोर्तब करू नये.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उजेड किती टोचतो यावरून आजार किती गंभीर आहे, हे कळत नाही. मायग्रेनचा रुग्ण उजेडापासून तोंड लपवून अक्षरशः कोपऱ्यात जाऊन बसतो, पण दोन दिवसांनी पूर्ववत कामाला लागतो. उलट टीबीच्या मेंदूज्वराचा रुग्ण उजेडाबद्दल आपणहून चकार शब्द काढत नाही. टॉर्च मारल्यावर तोंड फिरवतो तेव्हा आमच्या लक्षात येतं. म्हणून मी 'किती त्रास होतो' याच्या आधी वेगळंच विचारते: कधीपासून होतो, कसा सुरू झाला, आणि त्याच्यासोबत काय काय आलं? निदान तिथूनच पुढे सरकतं.

डोळे निरोगी असताना उजेडाने दुखतं कसं, हे आधी समजून घ्या. आपल्याला दिसतं ते डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींमुळे, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पडद्यात आणखी एका जातीच्या पेशी आहेत. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. हे द्रव्य १९९८ साली सापडलं आणि २००२ मध्ये या पेशी स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात हे सिद्ध झालं. त्यांचा चित्र दिसण्याशी फारसा संबंध नाही. दिवस आहे की रात्र, बाहुली किती आकसायची, असल्या गोष्टी त्या मेंदूला कळवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. २०१० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अंध मायग्रेनरुग्णांचा अभ्यास केला. ज्यांना काही दिसत नव्हतं पण उजेड-अंधाराचं भान शाबूत होतं, त्यांचीही डोकेदुखी उजेडाने वाढत होती. ज्यांचे डोळेच काढलेले होते किंवा डोळ्याची नस पूर्ण निकामी होती, त्यांची वाढत नव्हती. त्याच गटाने उंदरांमध्ये हा मार्ग शोधून दाखवला. या पेशींचे तंतू थॅलॅमस नावाच्या भागात जिथे पोचतात, तिथेच मेंदूच्या आवरणाकडून येणारे वेदनेचे संदेशही येऊन मिळतात.

यातली दुसरी कडी म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस. तिची वरची शाखा डोळ्याच्या पारदर्शक भागाला संवेदना देते आणि मेंदूच्या आवरणाच्या बऱ्याच भागालाही देते. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. त्यामुळे आवरणाला जंतूंनी सूज आली, त्याच्याखाली रक्त सांडलं, किंवा मायग्रेनमध्ये ही नस उगाचच चेतवली गेली, की तिन्ही वेळा रुग्ण एकच वाक्य बोलतो: दिवा बंद करा. भाजलेल्या कातडीवर कोमट पाणीसुद्धा चटका देतं, तसा रोजचा साधा उजेड अशा चेतलेल्या यंत्रणेला बोचतो. यात तुमच्या पत्नी नाटक करत नाहीत आणि 'मनाचे खेळ'ही नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना कृपा करून सांगा. शाळेत जाणाऱ्या, हसऱ्या बाईने अचानक पडदे लावून घेतले की सासरी-माहेरी काय काय बोललं जातं, ते आमच्या कानावर येत असतं.

आता 'डोळे ठीक आहेत' याबद्दल. नेमकं काय तपासलं, ते एकदा विचारून घ्या. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं ही डोळ्यांची तपासणी नव्हे. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बुबुळ आणि आतला भाग बघितला का, डोळ्याचा दाब मोजला का, थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघितला का? उजेड सहन न होण्याची कारणं मेंदूपेक्षा डोळ्यांतच जास्त वेळा सापडतात. साधा डोळ्यांचा कोरडेपणाही पुरतो, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांत तो भरपूर आहे. आपल्या जिल्ह्यात तर खास कारणं आहेत. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत काम करताना काडी किंवा पान डोळ्याला लागतं, माणूस दुर्लक्ष करतो आणि चार-पाच दिवसांनी बुबुळावर बुरशीची जखम घेऊन येतो. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मास्क न लावता वेल्डिंग केलेल्याला त्याच वेळी काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन उजेडाकडे बघवत नाही. मिरवणुकीतला लेझर थेट डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. आणि बांधावरचा धोतरा! त्याचा रस लागलेला हात डोळ्याला लागला की त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, उजेडाने दिपतं, जवळचं धूसर दिसतं. एकच बाहुली मोठी बघून घरचे घाबरतात, आणि घाबरावंही, कारण मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या नसेवर दाबला तरी एकच बाहुली मोठी होते. त्या वेळी सहसा डोकं दुखतं, पापणी खाली पडते, एकाचे दोन दिसतात. फरक डॉक्टरांनी ठरवायचा, घरी नाही.

डोळा लाल, दुखरा, नजर कमी आणि उजेड असह्य, असं एकत्र असेल तर माझ्याकडे येण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. बुबुळाची जखम, डोळ्याच्या आतली सूज, काचबिंदूचा अचानक झटका, या तिन्हींत दिवस वाया गेला की नजर जाते.

आता ज्याला मी सर्वांत जास्त घाबरते, त्याकडे येते. हे तुमच्या पत्नीला लागू नाही, पण ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

पहिलं म्हणजे ताप, डोकेदुखी आणि उजेड नकोसा होणं, सोबत मान आखडणं किंवा वागण्या-बोलण्यात गोंधळ. हा मेंदूज्वर, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज, असू शकतो. जंतूंमुळे होणारा तीव्र मेंदूज्वर काही तासांत माणसाला बेशुद्ध करतो. लोकांना वाटतं, मान वाकली म्हणजे मेंदूज्वर नाही. तसं नाही. ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणं एकत्र निम्म्याहून कमी प्रौढ रुग्णांत दिसतात. लहान बाळांत आणि म्हाताऱ्या माणसांत तर मान मऊच राहू शकते. अंगावर जांभळट ठिपके उठले आणि बोटाने दाबून गेले नाहीत, तर एक मिनिटही थांबू नये. सावळ्या त्वचेवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघावी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या आतल्या गावांतून नाशिकला पोचायला वेळ लागतो. अशा वेळी थेट शहराकडे धावण्यापेक्षा १०८ ला फोन करा, आणि जवळच्या ज्या रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होऊ शकतं, तिथे आधी पोचा. स्कॅनसाठी औषध थांबवून ठेवायचं नसतं.

टीबीचा मेंदूज्वर वेगळा. तो दबक्या पावलाने येतो. दोन-तीन आठवडे संध्याकाळची कणकण, भूक नाही, वजन उतरतंय, रोज डोकं दुखतंय, माणूस चिडचिडा झालाय. तोवर कुणी टायफॉइडचं औषध देतं, कुणी पित्ताचं. मग उलट्या सुरू होतात, एका वस्तूच्या दोन दिसायला लागतात, मग गुंगी. गुंगी येण्याआधी उपचार सुरू झाले तर रुग्ण बरा होऊन घरी चालत जाण्याची शक्यता खूप जास्त असते. टीबीची औषधं सरकारकडून मोफत मिळतात, ती मेंदूच्या टीबीत साधारण ९ ते १२ महिने घ्यावी लागतात आणि सुरुवातीला सोबत स्टेरॉइडही द्यावं लागतं. महिनाभर रेंगाळलेला ताप आणि रोजची डोकेदुखी एकत्र असेल तर त्याला पित्त म्हणू नका, एवढंच माझं कळकळीचं मागणं आहे.

या दोन्ही आजारांत पाठीतून पाणी काढावं लागतं, आणि तिथे घरचे हमखास अडतात. "पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो," हे मी तरुण, शिकलेल्या मुलांच्या तोंडूनही ऐकते. म्हणून जरा थांबून सांगते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतात. तिथे फक्त पाण्यात तरंगणारे नसांचे धागे असतात, ते सुईपासून सहसा बाजूला सरतात. नंतर काही जणांचं दोन-चार दिवस उठून बसल्यावर डोकं दुखतं, हा त्रास खरा आहे आणि तो बहुतेकांचा आपोआप जातो. लुळेपणा येतो तो बहुतेक वेळा मूळ आजारातून, निदान लांबल्यामुळे. मेंदूत गाठ किंवा दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करतात. रक्त गोठण्यात दोष असेल तर आधी तो दुरुस्त करतात. डॉक्टरांना हे जरूर विचारा, पण नुसत्या भीतीपोटी सही नाकारू नका. टीबी, जंतू आणि विषाणू यांतला फरक त्या चमचाभर पाण्यात कळतो. तो एमआरआयमध्ये पुष्कळदा कळत नाही.

दुसरं मोठं संकट म्हणजे अचानक, काही सेकंदांत किंवा मिनिटभरात शिगेला पोचलेली डोकेदुखी. "डोक्यात काहीतरी फुटलं," असं रुग्ण सांगतात. रक्तवाहिनीचा फुगा फुटून आवरणाखाली रक्तस्राव झाला की असं होतं. उलटी होते, काही जण क्षणभर बेशुद्ध होतात, नंतर उजेड सहन होत नाही. मान ताठ व्हायला काही तास लागतात, त्यामुळे सुरुवातीला मान मऊ असल्याचा दिलासा खोटा असतो. पहिल्या ६ तासांत काढलेला सीटी स्कॅन हा रक्तस्राव जवळपास नेहमी दाखवतो. उशीर झाला की रक्त विरघळत जातं, स्कॅन निर्दोष येऊ शकतो आणि मग पुन्हा पाठीतल्या पाण्याकडेच वळावं लागतं. ज्याला आधीपासून मायग्रेन आहे त्यालाही हे होऊ शकतं. म्हणून 'नेहमीचंच डोकं आहे' असं घरच्यांनी ठरवू नये. रुग्ण स्वतः सांगतो की हे नेहमीचं नाही, तेव्हा त्याचं ऐका. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत अचानक रक्तस्राव झाला तरी असंच चित्र दिसतं, सोबत नजर कमी होते किंवा दोन दोन दिसतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत, किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना, मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. डोकेदुखी दिवसागणिक वाढत जाते, उलट्या होतात, धूसर दिसतं, कधी फिट येते. गणपती-नवरात्रात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात आणि त्यातच कडक उपवास, पाणी कमी. ज्यांच्यात आधीच रक्त गोठण्याची प्रवृत्ती आहे, त्यांना हे महागात पडू शकतं. ही गुठळी साध्या सीटीत निसटू शकते, त्यासाठी शिरांची वेगळी चित्रं काढावी लागतात. तुमच्या पत्नी अशा किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा किंवा काळा ठिपका येत असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

रेंगाळणारे काही आजार भराभर सांगते. तरुण, वजन वाढलेल्या स्त्रीत डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढू शकतो. वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो. पडद्याच्या तपासणीत नसेच्या टोकाला सूज दिसते, म्हणूनच बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीचा मी वर आग्रह धरला. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागल्यावर, स्कॅन चांगला असूनही, काही आठवडे उजेड-आवाज नकोसे होतात. डोळ्याच्या नसेला सूज आली तर डोळा फिरवताना दुखतं आणि त्या डोळ्याला लाल रंग फिका दिसतो. पन्नाशीनंतर पापण्या आपोआप घट्ट मिटायला लागल्या, उजेडात जास्तच, तर तो पापण्यांच्या स्नायूंचा आजार असू शकतो, त्यावर बोटुलिनमच्या इंजेक्शनने चांगला आराम पडतो. वयस्क माणूस उजेड टाळतोय, वारंवार मागे पडतोय आणि त्याला जिन्याच्या पायऱ्या उतरताना खाली बघता येत नाही, तर पार्किन्सनसारखाच पण वेगळा असा एक आजार शोधावा लागतो. कुत्रं चावल्याचा इतिहास असेल आणि माणूस पाणी, वारा, उजेड यांनी दचकत असेल, तर ते रेबीज असू शकतं. एकदा लक्षणं दिसली की त्यावर हमखास उपाय नाही. लस कुत्रं चावल्याच्या दिवशीच सुरू करायची असते.

लुकलुकत्या उजेडाने येणारी फिट ही निराळी गोष्ट. तिथे उजेड दुखत नाही, तो मेंदूत विजेची लाट उठवतो. १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना एकाच संध्याकाळी त्रास झाला होता. घरातल्या किशोरवयीन मुलाच्या हातातून सकाळी सकाळी चहाचा कप झटक्याने उडत असेल, तर त्याला धांदरट म्हणू नका, दाखवून घ्या. अशा मुलासमोर झगमगाट आला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायला शिकवा. नुसते डोळे मिटून उपयोग होत नाही, पापणीतून उजेड आत जातोच.

आता तुमच्या पत्नींकडे. मायग्रेनची डोकेदुखी उपचार न केल्यास ४ ते ७२ तास टिकते, बहुधा एका बाजूला असते, ठणकते, जिना चढल्यावर वाढते, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज दोन्ही नकोसे. त्यांना उदबत्तीचा, फोडणीचा, अत्तराचा वास त्या वेळी असह्य होतो का, हे विचारा. होत असेल तर माझा अंदाज आणखी घट्ट होतो. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांतही उजेड टोचणं हे मायग्रेनमध्ये दिसतं. ते वेगळ्या आजाराचं लक्षण मानायचं कारण नाही.

आईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. उपाशी राहणं, रिकाम्या पोटी चहा, जागरण, ऊन यांनी मायग्रेन उसळतं, आणि मळमळ-उलटीमुळे ते पोटाचं दुखणं वाटतं. उलटीनंतर उतारा पडतो हेही अनेकांच्या बाबतीत खरं. पण उगम पोटात नाही. पित्ताच्या गोळ्यांवर वर्षं काढली की मूळ आजाराला औषध मिळतच नाही.

एमआरआयचं म्हणाल, तर डोकेदुखीचा साचा स्पष्ट मायग्रेनचा आणि मेंदूची व पडद्याची तपासणी निर्दोष, असं असताना स्कॅनमध्ये महत्त्वाचं काही सापडण्याची शक्यता इतर कुठल्याही निरोगी माणसाइतकीच असते. सापडतात ते किरकोळ पांढरे ठिपके, ज्यांनी उपचार बदलत नाहीत आणि झोप मात्र उडते. तरीही त्यांचा त्रास सात-आठ महिन्यांतच सुरू झाला असेल आणि वाढत चालला असेल, तर तपासणारे डॉक्टर एकदा करून घ्या म्हणतील, त्यात गैर नाही. खोकल्यावर किंवा वाकल्यावर डोकेदुखी वाढणं, पहाटे दुखण्याने जाग येणं, हातापायात कमजोरी, बोलण्यात अडखळणं, फिट, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, कॅन्सर किंवा एचआयव्ही असणं, गर्भारपण-बाळंतपण, यांपैकी काहीही असेल तर मी स्वतः स्कॅनचा आग्रह धरेन.

गॉगलबद्दल ठामपणे सांगते: घरातला काळा गॉगल सुटला पाहिजे. सतत अंधारात राहिल्याने डोळा-मेंदूची यंत्रणा अंधाराला सरावते आणि पुढच्या वेळी कमी उजेडही जास्त टोचतो. एकदम काढू नका. रोज थोडा थोडा वेळ कमी करत दोन-तीन आठवड्यांत सोडा. उन्हात गॉगल आणि रुंद काठाची टोपी खुशाल वापरा. वर्गात किंवा घरात फार त्रास होत असेल तर एफएल-४१ नावाची गुलाबीसर छटा असलेल्या काचा बनवून मिळतात. त्या निळसर-हिरवट पट्ट्यातला त्रासदायक उजेड अडवतात आणि बाकीचा आत येऊ देतात. घरातले दिवे बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण काही मायग्रेनरुग्णांना जाणवतं. स्थिर उजेडाचे, पिवळसर छटेचे दिवे लावा, आणि दिवा थेट नजरेत न येता भिंतीवरून उजेड येईल असा ठेवा.

औषधांत दोन भाग. झटक्याच्या वेळचं औषध दुखणं हलकं असतानाच घ्यायचं, पार असह्य होईपर्यंत थांबायचं नाही. मळमळ असेल तर त्याची गोळीही सोबत, म्हणजे औषध पोटात टिकतं. पण साध्या वेदनाशामकांचे महिन्यात १५ दिवस आणि मिश्र गोळ्या (एकीत अनेक औषधं असलेल्या) किंवा ट्रिप्टान, म्हणजे मायग्रेनच्या झटक्यावरचं खास औषध, यांचे १० दिवस ओलांडले, आणि तीन महिने असंच चाललं, तर गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांत हे मी सतत बघते. महिन्यात पाच-सहा झटके म्हणजे रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करण्याइतका त्रास आहे. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट यांतलं काय द्यायचं, ते दमा, वजन, झोप, मूड आणि पुढे मूल हवं आहे का यावर ठरतं. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल नको. गर्भधारणेची शक्यता असेल तर टोपिरामेट नको, व्हॅलप्रोएट तर नकोच. टोपिरामेट सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोळे दुखून अचानक धूसर दिसायला लागलं, तर ते मायग्रेन समजू नका. त्या औषधाने डोळ्याचा दाब वाढू शकतो. लगेच डॉक्टरांना कळवा. प्रतिबंधक औषधाचा गुण कळायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडून देणारे खूप असतात, आणि ते पुन्हा पित्ताच्या गोळीकडे जातात.

आजपासून एका वहीत लिहायला सुरुवात करा: तारीख, डोकं किती वाजता सुरू झालं, कुठल्या बाजूला, किती वेळ टिकलं, उजेड-आवाज-वास यांतलं काय नकोसं झालं, पाळीचा कितवा दिवस होता, आदल्या रात्री झोप किती झाली, जेवण चुकलं होतं का, कोणती गोळी किती घेतली. महिनाभराची ही वही आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरकडे, जा. कागदावर पडद्याच्या तपासणीचा उल्लेख नसेल तर आधी ती करून घ्या, मात्र त्या दिवशी त्यांना दुचाकी चालवू देऊ नका, थेंबांनी काही तास सगळं भगभगीत दिसतं. आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाका. नावं कुणालाच आठवत नाहीत, आणि मिश्र गोळीत नेमकं काय काय होतं ते पाकिटामागे छापलेलं असतं.